धारेवरचे पिवळे बाण

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणारी माणसं लिहून ठेवतात, आणि काम मोठंच आहे. डोंगराच्या धारेवर दादाने काढलेले पिवळे बाण पार फिके पडलेत. ते पुन्हा रंगवायचे, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. गिर्यारोहण क्लबच्या सेक्रेटरींनी दुसऱ्याच कुणा पेंटरला विचारलं होतं. मी जाऊन स्पष्ट सांगितलं की माझ्या भावाच्या कामावर परक्याचा ब्रश चालणार नाही. सेक्रेटरी माझ्या पोटाकडे बघत हो म्हणाले.

बाण काढायला गेलेला दादा अजून परतलेला नाही. तीन वर्षं झाली. लोक सरळ ‘गेला’ म्हणतात. शोधायला गेलेल्यांना धारेखाली रंगाचा डबा सापडला, बस. डबा सापडला म्हणजे माणूस सापडला असं होत नाही. दादा पहिल्यापासून लहरी. पलीकडच्या खोऱ्यात उतरला असेल, काम मिळालं असेल, रमला असेल. पत्र का नाही म्हणाल, तर दिवसभर पाट्यांवर अक्षरं काढणाऱ्या माणसाला पुन्हा अक्षर नको वाटतं. हे पेंटरलाच कळतं.

५ नोव्हेंबर
वहिनींनी बोलावलं होतं. त्यांच्या बहिणीच्या गावी बालवाडीत जागा निघाली आहे. राहायला खोलीसुद्धा मिळते. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. म्हणाल्या की भावजी, तुम्ही येईल येईल म्हणत राहिलात म्हणून मी थांबले. आता वर जाताच आहात तर नीट बघून या आणि काय ते एकदा सांगा, थांबू की जाऊ.

मी म्हटलं की थांबा, त्यात बघायचं काय. त्या म्हणाल्या की आधी जाऊन तर या.

९ नोव्हेंबर
सराव सुरू. पाठीला सॅक, सॅकमध्ये रंगाचे भरलेले डबे, आणि आमच्या इमारतीचा जिना. न थांबता वरपर्यंत जायचं ठरवलं होतं. मधल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी माझा चेहरा पाहून खुर्ची आणली. न बसणं उद्धटपणाचं दिसलं असतं. चहाही झाला.

निष्कर्ष: जिन्यात हवा कोंडलेली असते, म्हणून दम लागतो. डोंगरावर लागणार नाही.

१० नोव्हेंबर
पाय उचलत नाहीत. विश्रांती हा सरावाचाच भाग आहे.

१४ नोव्हेंबर
नवे बूट. ही म्हणाली की एक नंबर लहान दिसतात. मी म्हटलं की चामडं आहे, सैल पडेल. हिने बूट उलटा करून पाहिला आणि म्हणाली की हे चामडं नाही. बूट तिच्या हातातून घेतला आणि कपाटात ठेवला. घरात शांतता राहिलेली बरी.

दुकानात टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि दादा मागे येऊन उभा राहिल्यासारखं वाटलं. मान वळवली नाही. घाबरलो म्हणून नव्हे, हातात काम होतं.

२१ नोव्हेंबर, सकाळ
धारेच्या पायथ्याशी. योजना सोपी आहे: बाण रंगवत जायचं, जेवायला माथ्यावर, चहाला घरी.

बूट अजून सैल पडलेले नाहीत.

पहिला बाण शोधायलाच वेळ गेला. शेवाळाखाली होता. खरवडल्यावर मात्र ओळख पटली. दादाच्या बाणाचं शेपूट किंचित वर उचललेलं असतं, त्याचं त्यालाही माहीत नसावं. बघून बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटेनासं झालं. त्यावर रंग चढवला आणि पुढे निघालो.

दुपार
धार अरुंद आहे. डबा टेकवायचा तरी जागा बघून टेकवावा लागतो, दोन्हीकडे उतार सुटलाय. वाट अशी नाहीच, बाण दिसला की वाट. माथा अगदी जवळ आहे. सकाळीही इतकाच जवळ होता.

एक गोष्ट लिहून ठेवतो. माझ्या पुढे कुणीतरी चाललंय. दादा रेघ मारताना श्वास धरतो आणि रेघ संपली की खोकतो. तो खोकला मी ऐकला. हाक मारली तर उत्तर नाही. कामात असताना हाक मारलेली त्याला खपत नाही, तेव्हा ते बरोबरच आहे. दरवेळी पुढच्या दगडाशी जावं तर कुणी नसतं, आणि खोकला त्याच्याही पुढच्या दगडामागून येतो.

बूट सॅकला बांधले. मोज्यांवर पावलं भराभर पडतात.

नंतर
धुकं आलं. शेवटचा चढ हातापायांवर रांगत केला. सेक्रेटरींनी सांगितलेला शेवटचा कातळ हाच असणार, त्याच्यावर माथा. मोज्यांचे तळ गेले. गुडघ्यांचा मी विचारच केला नव्हता.

जरा टेकलो. खोकला आता वरून येत नाही, खालून येतोय. म्हणजे तो उतरायला लागला. मग मी एकट्याने माथ्यावर जाऊन काय करणार. माथा कुठे पळून जात नाही.

अजून तिथेच
उतरायला वळलो तर बाण नाहीत. एकही नाही. नुसते दगड आणि धुकं. थोड्या वेळापूर्वी या हातांनी रंगवलेत मी. घाबरलो, फार घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे.

बसत बसत जवळच्या दगडापर्यंत गेलो आणि वळसा घालून पाहिलं. बाण होता. ओला, पलीकडच्या अंगाला. चढणाऱ्याला दिसेल, उतरणाऱ्याला नाही. सगळेच तसे. दादाने तसे काढले आणि मी सकाळपासून त्यांच्यावर मुकाट ब्रश फिरवत आलो.

आमच्याकडे दोन्ही बाजूंची पाटी आली की पुढची बाजू दादाची, मागची माझी. कधी ठरवलं नाही, तसंच चालत आलं. पुढची झाली की तो पाटी माझ्याकडे सरकवायचा आणि हात पुसत उठायचा. पाटीला मागची बाजू असते हे त्याच्या लक्षातही नसायचं. इथे त्याने पुढची बाजू केली, माथ्यापर्यंत केली, आणि वळला. त्याच्यासमोर हेच आलं असणार.

खूप वेळ कान देऊन बसलो. खोकला येत नाही.

संध्याकाळ, पायथा
मागच्या बाजू करत उतरलो. आधी दगडाला वळसा घालून बाण आहे का बघायचा, मग परत वर येऊन उतरणाऱ्यासाठी दुसरा काढायचा. इतके वाकडे बाण दादाने मला पुसायला लावले असते.

एका जागी धार दोन सोंडांत फुटते. चढताना हे लक्षातही येत नाही. उतरताना मला डावी सोंड सोपी वाटली, रुंद, मऊ मातीची. तिच्यावरून थोडा गेलो आणि पुढे जमीनच नव्हती. दादाचा डबा याच बाजूला खाली सापडला होता. तिथे बसून रडलो. मग उठून त्या फाट्यावर मोठ्ठा बाण काढला, आंधळ्यालाही दिसेल असा.

२२ नोव्हेंबर
सेक्रेटरींना कळवलं की काम झालं, माथ्याजवळचं थोडं राहिलंय, ते बुटांमुळे.

मग वहिनींकडे. वाटेत बोलणं जुळवलं होतं. पलीकडचं खोरं, तिथली गावं, माणसाचं रमणं. वहिनींनी माझे पाय पाहिले, गरम पाणी आणून ठेवलं आणि विचारलं की वरून काय दिसलं. मी म्हटलं की वरपर्यंत पोचलोच नाही. खोऱ्याचं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो की वहिनी, दादा नाही येणार, तुम्ही जा.

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या आणि पाणी निवलं का म्हणून विचारलं. मी पाय त्यात बुडवलेलेच नव्हते.

३० नोव्हेंबर
वहिनी सकाळच्या बसने गेल्या. ट्रंक मी चढवणार होतो. कंडक्टरने चढवली, कारण मला अजून चप्पलही घालवत नाही. बस सुटताना वहिनींनी खिडकीतून सांगितलं की भावजी, आता तुम्हीही वाट बघणं सोडा. मी म्हटलं की मी कुठे बघतोय, मी तर कधीच सोडलं.

बस गेली. मागोमाग पलीकडच्या खोऱ्यातून येणारी बस लागली. तिच्यातून उतरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा नीट बघून घेतला. मग घरी आलो.