जिन्यामागच्या व्हॉल्व्हबाबत

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा नळजोडणी व पंपदुरुस्ती (आता बंद), हे मृत्युपत्र माझ्याच हाताने, माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत आहे. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दाब म्हणजे काय हे या गल्लीत मला एकट्याला कळते, तेव्हा हे विधान जाणकाराचे समजावे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे, कारण त्यातले सहावे कलम अन्यायाचे होते. कोणता अन्याय, ते ओघाने येईलच.

कलम १. बँकेतली शिल्लक आणि घराचा वरचा मजला माझ्या पत्नीस (यापुढे ‘ही’) द्यावा. हिने माझी बडबड बेचाळीस वर्षे ऐकली, शिवाय त्यातली अकरा वर्षे बारीक धारेखाली भांडी घासली. एवढ्यावर कुठलीही बाई माहेरी गेली असती.

कलम २. माझे सगळे पाने, पाइप कापायचे यंत्र आणि दाब मोजायचा गेज मुलीस द्यावा. तिला तो वापरता येतो. जावयाने पेटीला हात लावू नये. बाजूला उभे राहून बॅटरी धरायला हरकत नाही.

कलम ३. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यास एक पत्र्याचा डबा द्यावा. त्यात मी गिऱ्हाइकांच्या नळांतून काढलेल्या, गाळाने आणि गंजाने बुजलेल्या जाळ्या आहेत. दहा तक्रारींपैकी सात तक्रारी या जाळीपाशी संपतात. पण नळाची धार बारीक झाली की हा गृहस्थ आलेल्या माणसाला विचारतो काय, तर “पंप किती एचपीचा आहे?” अर्ध्याचा असला की एकचा विकतो, एकचा असला की दीडचा. मोठा पंप जाळी साफ करत नाही, नुसता जास्त बोंबलतो. हा डबा त्याच्या गल्ल्यावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवावा. तो ठेवणार नाही, हे मला माहीत आहे. नाकाने कांदे सोलणारी जात.

कलम ४. माझ्या पश्चात या घरचा पंप कुरकुरला तर कोणीही ‘एक ओळखीचा माणूस आहे’ असे म्हणू नये. ओळखीच्या माणसांनी केलेली कामे मी जन्मभर उसवत बसलो. पुढीलप्रमाणे करावे. पंप सारखा चालू-बंद होत असेल तर त्याच्या टाकीतली हवा तपासावी. पंप चालतो पण पाणी चढत नसेल तर तो हवा ओढतो आहे का ते बघावे. आणि सर्वात आधी गेज लावावा. सगळे नळ बंद करून काटा बघावा, मग एक नळ उघडून बघावा. नळ बंद असताना काटा ताठ उभा आणि उघडताच कोसळला, तर पाणी कमी नाही, वाट कुठेतरी अडली आहे. तेव्हा पंपाला शिव्या न देता वाटेतले व्हॉल्व्ह बघावेत.

हे मी निदान हजार घरांत सांगितले असेल. पन्नास-एक घरांत तर पंपाशेजारच्या भिंतीवर खडूने लिहूनच दिले: आधी व्हॉल्व्ह बघा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण माझ्यासाठीच काढलेली असावी.

कलम ५. जावयास माझे मनगटी घड्याळ द्यावे. जुन्या मृत्युपत्रात त्याला काहीच नव्हते. हा मनुष्य बल्ब बदलायच्या आधी मोबाइलवर बघून घेतो. तरी घड्याळ का, ते लिहिणे भाग आहे.

गेल्या महिन्यात एका रविवारी त्याच्या गाडीची किल्ली जिन्यामागे पडली. तिथे खालून वर येणाऱ्या पाइपावर माझ्या हातचा पितळी व्हॉल्व्ह आहे. वरचे चाक फिरवले की आतली पाटी वर जाते आणि वाट मोकळी होते. जावईबापूंनी किल्ली शोधता शोधता चाक फिरवले.

“बाबा, हे असंच असतं का? नुसतंच फिरतंय.”

“ज्यातलं कळत नाही त्याला हात लावू नये.”

“हो, पण हे फिरायचं संपतच नाहीये.”

मी जिना उतरलो ते त्याला झापायला. चाक हातात घेतले. खरेच नुसते फिरत होते. व्हॉल्व्ह उघडला. पाटी दांड्यापासून तुटून आतच अडकून बसली होती, पाऊण वाट बंद करून. तिच्यावरचा थर बघून सांगतो, दहा-बारा वर्षांचा. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी पंप बदलताना मीच तो बंद करून पुन्हा उघडला, जोर लावून, तेव्हाच ती तुटली. नवा बसवला. वर बादली दीड मिनिटात भरली. ही ओरडली, “अगंबाई, नळ तुटला की काय!”

कलम ६. आता खालचा मजला. तिथे माझा धाकटा भाऊ राहतो. घर आम्ही दोघांनी बांधले, विटा त्यानेही वाहिल्या. कर्जासाठी कागद माझ्या नावे झाले आणि तसेच राहिले. अकरा वर्षांपूर्वी आमच्या वरचे पाणी एका संध्याकाळात बारीक झाले. माझा पंप नवा, म्हणजे दोष माझ्याकडे असणे शक्यच नाही, असे मी ठरवले. धाकट्याने लाइनीवर चोरून पंप लावला आहे आणि वरचे पाणी तोच ओढतो आहे, असेही ठरवले. त्याच्याकडे पाहुणे बसले असताना दारात उभा राहून मी त्याला पाणीचोर म्हणालो.

तो म्हणाला, “दादा, आत ये. स्वतः बघ. पंपच नाहीये.”

मी म्हणालो, “चोराच्या घरात मी पाय ठेवत नाही.”

दहा पावले होती. आत गेलो असतो तर दोन मिनिटांत कळले असते. गेजसुद्धा खिशात होता. त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. जिन्यात समोरासमोर आलो की तो बाजूला होत असे आणि मी त्याला कबुली समजत असे. मी दोनदा पंप बदलला. जुन्या मृत्युपत्रात लिहिले, माझ्या मागे त्याने एका वर्षात मजला रिकामा करावा. म्हणजे व्हॉल्व्ह मी मोडला आणि घराबाहेर तो जाणार होता. मला याची लाज वाटते. हे वाक्य कोणी वकिली भाषेत बदलू नये.

तरी खालचा मजला ~~माझ्या धाकट्या भावास~~ माझ्या पुतणीस, म्हणजे भावाच्या मुलीस, कायमचा द्यावा. (खोडून बदलले. खोडलेल्या ठिकाणी माझी सही आहे. कारण खाली.)

सही करण्यापूर्वीची नोंद. वरचा मजकूर वकीलबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, “काका, कागद चोख आहे. पण तुमचे भाऊ तो वाचणार तुम्ही गेल्यावर. मग ते भांडणार कोणाशी?”

मी म्हणालो, “तेवढाच त्रास वाचला.”

त्या म्हणाल्या, “कोणाचा?”

फी घेऊन वर असे बोलतात. रात्रभर नाही, पण दुपारभर मला ते टोचत राहिले. शेवटी आज मी खाली गेलो, दार वाजवले आणि अकरा वर्षांनी आत पाय ठेवला. कागद धाकट्याच्या हातात दिला. त्याने सहावे कलम दोनदा वाचले. मग पलंगाखालून एक खोके ओढून काढले. आत अर्ध्या एचपीचा पंप.

“हा काय?”

“तू चोर म्हणालास ना. वर्षभर लोकांकडून तेच ऐकून घेतलं. म्हटलं, नाव पडलंच आहे तर पाणी तरी घेऊ. आणला. पण जोडायला बसलो आणि हात चालेना. वर वहिनी भांडी घासत असायची, आवाज यायचा.”

खोक्याची चिकटपट्टीसुद्धा धड फाडलेली नव्हती. चाळीस वर्षे लोकांना अक्कल शिकवणारा मी, तिथे खुर्चीवर बसून रडलो. धाकटा आपला खोक्याकडे बघत राहिला.

मग त्याने विचारले, “साक्षीदार कोण?” मी सांगितले, एक वकीलबाई, दुसरा शोधतो आहे. “मला ठेव.” मी सांगितले, ज्याला मिळते त्याला साक्षीला बसता येत नाही, वकीलबाईंचा नियम आहे.

“मग मजला पोरीला दे. तुझ्या एका तरी कागदावर मला घे, दादा.”

म्हणून खोडाखोड.

ठिकाण: राहते घर, खालचा मजला. तारीख: नऊ मार्च, दुपारी चार.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार १: वकीलबाई (सही). राहणार: न्यायालयामागची गल्ली.

साक्षीदार २: (सही). नाते: सख्खा भाऊ. राहणार: याच घरात.