दगडाच्या धुळीवरचं औषध

तीर्थरूप बाबा,
तुमच्या धाकटीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं.

आई म्हणाली, हल्ली तुम्ही बसूनच झोपता. खोकला कसा आहे?

परवा शस्त्रक्रियेत काढलेला एका पाथरवटाच्या फुप्फुसाचा तुकडा आमच्या प्रयोगशाळेत आला. कापताना तो पात्याखाली वाळूसारखा करकरला. माझा हात थांबला.

“बरं नाही का?” सरांनी विचारलं.

“माझ्या वडिलांनीही जन्मभर दगडच फोडले,” मी म्हटलं.

तुम्ही फोनवर विचारलंत, “पोरी, तुझं औषध कधी येणार?” बाबा, ते औषध दिलेले आमच्या प्रयोगशाळेतले उंदीर ठणठणीत झालेत. माणसांपर्यंत यायला अजून दहा वर्षं लागतील.

शेजारी बघतात म्हणून नाकातली ऑक्सिजनची नळी काढू नका. मला एवढंच सांगता येतं.

तुमची,
धाकटी