थोरला काही उठेना

रहिमतपूर,
शुक्रवार सकाळ

श्री. नाथाजीराव यांस,

रहिमतपूरहून लालासाहेबाचा आधी सॅल्यूट आणि मग नमस्कार. (सॅल्यूट तुमच्या वयाला, नमस्कार आमच्या सौभाग्यवतीच्या माहेराला.) इकडे सगळे हातीपायी धड आहेत. तुमचा गुडघा, विजयमाला वहिनींचा खोकला आणि शेडवरच्या बेदाण्याचा रंग कसा आहे ते कळवावे. परवा इकडे वारं सुटलं तर तुमची बहीण अंजना भाकरी थापता थापता थांबली आणि ‘दादाच्या जाळ्यांवर धूळ बसली आसंल’ म्हणून हळहळली. आमच्या अंगणात त्याच वाऱ्यानं पत्रा उडाला, त्याची हळहळ मी एकट्यानं केली. फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून शेडभर फिरता, आणि मागच्या खेपेला माझ्या पोटाची चौकशी तुमच्या वजनकाट्यावरच्या माणसानं केली. म्हणून कागद. शेजारचा सयाजी आज दुपारी टेम्पो घेऊन तासगावला निघालाय आणि रात्रीपर्यंत परत येणार आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो.

विषय सृष्टीच्या लॅपटॉपचा. मागच्या आठवड्यात आम्ही तासगावला आलो तेव्हा तुम्ही मुलाकडच्या पाहुण्यांदेखत त्याला ‘खेळाचा लॅपटॉप’ म्हणालात. (दुकानात तो त्याच नावानं विकतात हे मला मान्य आहे. पण घरच्या माणसाची टोपणनावं चारचौघांत घेऊ नयेत.) आमच्या लेकीला पुण्याच्या एका स्टुडिओनं नोकरीआधी परीक्षा घातली आहे. आपल्या ओळखीची एखादी कामाची जागा संगणकात अशी उभी करायची की बघणाऱ्याला तीत चालता यावं. बाकीची पोरं राजवाडे बांधतात म्हणे. आमच्या पोरीनं तिच्या मामाचं बेदाण्याचं शेड निवडलं. त्या दिवशी ती राहिलेले फोटो काढत जाळ्यांमागून हिंडत होती आणि तुम्ही पाहुण्यांना सांगितलंत की पोरगी लाजतीय. ती लाजत नव्हती, जाळीच्या गाठी बघत होती. आता तिच्या यंत्रात तुमचं अख्खं शेड आहे आणि जाळीवरचा एकेक मणी वेगळा आहे, हिरवट, पिवळा, एखादा उन्हानं काळवंडलेला. येत्या सोमवारी ते पाठवायचं आहे.

अडचण अशी. या यंत्रात चित्रं काढणारे दोघे असतात. त्यांना ग्राफिक्स प्रोसेसर म्हणतात. मी त्यांना धाकटा आणि थोरला म्हणतो, म्हणजे घरात सगळ्यांना कळतं. धाकटा थोडक्या विजेवर भागवतो आणि पत्र लिहिणं, सिनेमा दाखवणं असली हलकी कामं बघतो. जड काम आलं की थोरल्यानं उठायचं, अशी वाटणी. तासगावहून आम्ही परत आलो तेव्हापासून थोरला उठत नाही. सृष्टी यंत्रातली कळ थोरल्याकडे ढकलते, यंत्र निमूटपणे बंद होतं, परत सुरू होतं आणि बघावं तर समोर धाकटाच. त्या बिचाऱ्याच्या जिवावर तुमच्या शेडात एक पाऊल टाकायचं तर माणसाचा चहा पिऊन होतो. मणी इतके, की तो दारातच धापा टाकतो.

आता तुम्ही मनात म्हणत असाल, बरंच झालं. कारण पाहुण्यांसमोर आपला शब्द झालाय. मी म्हणालो, आधी पोरीची परीक्षा होऊ द्या. तुम्ही म्हणालात, ‘व्हय दाजी, पन न्हाई जमली तर मग आमचं ऐकायचं.’ आणि मी भरल्या पोटी हो म्हणून बसलो. (तुमच्याकडे जेवल्यावर मी कशालाही हो म्हणतो, हे तुम्ही फार वर्षांपूर्वी हेरलं आहे.) पोरगी स्वतःच्या कामात कमी पडली असती तर मी मान खाली घालून आलो असतो. पण यंत्रापायी हरली तर माझ्याच्यानं बघवणार नाही. मंगळवारी जेवताना ती एकदम म्हणाली, ‘बाबा, राहू दे आता. मामा म्हणतोय तेच बरं.’ नाथाजीराव, मी ताट बाजूला सारलं. मी लष्करात जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या. बर्फात गोठलेला ट्रकसुद्धा मी टाकून आलो नाही, आणि हे तर मांडीवर मावणारं यंत्र. मी पाणी प्यालो आणि मोहीम हाती घेतली.

दोष शोधताना मूळ पुरवठ्यापासून सुरुवात करावी, हा आमच्या वर्कशॉपचा पहिला धडा. तो मी आधीच गिरवला होता. तासगावहून आल्या संध्याकाळी मी स्वतः पिशवीतून चार्जर काढला. (वर तुम्ही दिलेले बेदाणे, खाली चार्जर, मध्ये वहिनींनी घातलेला खण. माहेरवाशिणीची पिशवी म्हणजे फौजेच्या रेशनगाडीला लाजवते.) मागच्या वर्षी उंदरांनी मिक्सरची वायर खाल्ली होती. म्हणून चार्जर माझ्या नोकरीतल्या काळ्या पत्र्याच्या पेटीत ठेवला, पेटीला दोन्हीकडून भोकं पाडून वायरी बाहेर घेतल्या आणि वर कुलूप घातलं. लॅपटॉपला टोक लावलं की दिवा लागतो, म्हणजे पुरवठा पास. तेव्हापासून त्या पेटीला कुणी हात लावायचा नाही असा घरात हुकूम आहे. मधूनमधून पडद्याच्या कोपऱ्यात चार्जरविषयी काहीबाही सूचना उमटते खरी. सृष्टी म्हणाली, ‘बाबा, पेटी उघडून बघू का?’ मी तिला समजावलं, की असल्या सूचना कंपन्या नवीन माल खपवायला काढतात.

मग कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. बाई हिंदीत बोलत होत्या, त्यामुळे माझं लष्करी हिंदी खूप दिवसांनी मोकळं झालं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, की चार्जर मूळचाच लावलाय ना. मी म्हटलं, मॅडम, मूळचा तर आहेच, वर कुलूपबंद आहे. मग त्यांनी जुने ड्रायव्हर काढून नवे घालायला सांगितले. (ड्रायव्हर म्हणजे इथे माणूस नव्हे, यंत्राला चालवणारा मजकूर. हे मला आधी कळलं असतं तर मी त्यांना माझ्या हाताखालच्या ड्रायव्हरांच्या गोष्टी सांगितल्या नसत्या.) नवे घातले, थोरला जागचा हलला नाही.

बुधवारी लॅपटॉप घेऊन आम्ही बापलेक साताऱ्याला गेलो. पोवई नाक्याजवळ एक दुकान आहे. चार्जर नेला नाही, कारण एकदा बसवलेली वस्तू उखडून गावोगाव फिरवायची नसते. दुकानदारानं त्याच्याकडचा एक विटेएवढा चार्जर लावला, कळ ढकलली, आणि नाथाजीराव, थोरला उठला. पडद्यावर तुमचं शेड झर्रकन उघडलं. मी दारातून आत शिरलो, जाळ्यांच्या रांगेतून चालत गेलो, आणि टोकाला तुमची बाज दिसली. बाजेवर तुमचा तो निळा टॉवेल, त्याच्या फाटक्या काठासकट. दुकानातली गिऱ्हाइकं गोळा झाली. एकजण म्हणाला, ‘आयला, वास येतोय बेदान्याचा.’ (वास खरंच येत होता. मी दुकानदारासाठी मूठभर बेदाणे खिशातून नेले होते.) माझी लेक इतके दिवस खोलीत बसून काय करतेय ते मला त्या काउंटरवर कोपर टेकून उभं असताना कळलं. मला भरून आलं, हे लिहायला मी लाजत नाही. पोरीनं विचारलं, सोमवारपर्यंत इथंच बसून काम करू का. दुकानदार म्हणाला की हे दुकान आहे, वाचनालय नाही.

घरी आलो, लावला, धाकटा. आता तुम्हीच तर्क करा. तेच यंत्र साताऱ्यात चालतं आणि रहिमतपुरात चालत नाही. सृष्टी म्हणाली, त्यांचा चार्जर वेगळा होता. मी म्हटलं, बाळा, आपला मूळचा आहे, मूळच्यापेक्षा चांगला जगात कुठला असेल. उरली फक्त आमच्या घरची वीज. म्हणून मलकापूरहून गुंडाला बोलावून घेतलं. गुंडा मोटारी भरतो, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळतो, आणि त्याच्या हाताला यश आहे. त्यानं चहा घेतला, बेदाणे घेतले, भिंतीला कान लावला आणि अर्थिंग मेलंय असं सांगितलं. आम्ही दोघांनी परसात माझ्या छातीएवढा खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घातलं (तुमच्या बहिणीचं लोणच्यासाठी ठेवलेलं खडेमीठ, त्यावरून अजून धुसफूस चालू आहे) आणि वर घागरी ओतल्या. घरातले सगळे दिवे आता लखलखीत लागतात. फ्रीजसुद्धा पूर्वीसारखा कण्हत नाही. थोरला सोडून सगळ्यांचा फायदा झाला.

तरी गुंडा हटला नाही. म्हणाला, ‘सुभेदार, लय सोपं हाय. घरात धाकटा राबतोय तवर थोरला कशाला उठंल? धाकट्याला झोपवा, थोरला आपसूक उठतोय.’ तुम्ही स्वतः घरातले थोरले आहात, यात किती तथ्य आहे ते तुम्ही जाणता. मला ते पटलं. सृष्टी नको नको म्हणत असताना आम्ही यंत्रात शिरून धाकट्याला बंद केलं. पडदा काळा झाला. थोरला उठला नाहीच, आणि धाकट्याला परत उठवायची कळ त्या काळ्या पडद्यामागे राहिली. गुंडाला तेवढ्यात मलकापूरचं एक काम आठवलं. पोरीनं पुण्याच्या मैत्रिणीला विचारत विचारत संध्याकाळपर्यंत धाकट्याला परत आणलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

पण मी माघार घेणाऱ्यातला नाही. खड्डा आणखी खोल नेण्याचा विचार आहे. तेवढ्यानं भागलं नाही तर वीज कंपनीकडे अर्ज करतो, तेवढ्यानंही नाही भागलं तर सोमवारपर्यंत जनरेटर भाड्यानं आणतो. पोरीचं शेड पुण्याला गेल्याशिवाय मी दाढी करणार नाही. (अंजना म्हणते, त्यानं थोरल्याला काय फरक पडतो. काही निश्चय फरक पडण्यासाठी नसतात.) वहिनींना नमस्कार, त्यांच्या बेदाण्यांनी इथे आल्यागेल्याचं तोंड गोड केलं. गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधत जावे.

तुमचा हट्टी दाजी,
लालासाहेब

ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते वर राहूनच गेलं. रविवारी पाहुण्यांना घेऊन इकडे यायचा तुमचा बेत वहिनींच्या बोलण्यातून कळला. येऊ नये. मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत, पण पोरीचा निकाल लागेपर्यंत त्यांना थांबवा. आणि नापास झाली तर ऐकायचं, हा माझा शब्द मी परत घेतो. तो जेवल्यावर दिलेला होता. तिचं काम मी डोळ्यांनी बघितलंय. नापास झालीच तर ती दुसरी परीक्षा देईल.

ता. क. दुसरा. दादा, हे मी अंजना लिहितेय. यांनी पत्र पाकिटात घालायच्या आधी चुका बघायला दिलं आणि स्वतः झोपले. ‘मूळचा चार्जर’ वाचलं आणि मला ती पिशवी आठवली. त्या दिवशी निघताना पिशवीची चेन लागेना. वहिनी म्हणाल्या, ‘आवं, हा काळा ठोकळाच किती जागा खातोय. बेदानं काढू नगा, ठोकळा काढा. आमचा ऋषिराज सुट्टीला आलावता तवाचा त्याचा चार्जर हितंच राहिलाय, तसलंच टोक हाय आन वजनाला निम्मा.’ दोन्ही लॅपटॉप एकाच कंपनीचे, टोक बसलं, म्हणून मी पण हो म्हणाले. चार्जर तो चार्जर, मला काय ठाऊक. यांच्या उशाखालची किल्ली काढून सृष्टीनं पेटी उघडली. त्यावरचे आकडे वाचले आणि मटकन खाली बसून हसायलाच लागली, किती दिवसांनी. ती म्हणते, असल्या चार्जरवर थोरल्याचं पोट भरत नाही, म्हणून तो उठत नाही. वहिनींना लगेच फोन केला. ठोकळा तुमच्याकडेच आहे. बेदाण्याच्या डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून त्याच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलाय. तो सयाजीबरोबर आजच पाठव. बेदाणे पाठवू नकोस. होते ते सगळे लॅपटॉपच्या डॉक्टरांनी खाल्ले, आणि पिशवीत दोन्ही मावत नाहीत हे आता कळलंय. यांना अजून सांगितलेलं नाही, उठले की पेटी उघडी दिसेलच.

ता. क. तिसरा. पेटी दिसली. वरचा मजकूरही वाचला. सयाजी दारात हॉर्न वाजवतोय, नवीन कागद घ्यायला वेळ नाही आणि लिहिलेलं मी फाडत नाही. तरी सदर पत्र, त्यातील निष्कर्ष, परसातील खड्डा आणि दाढीचा निश्चय, हे सर्व या ओळीनं रद्द समजावे. ठोकळा पाठवावा. पहिला ता. क. तेवढा कायम आहे.

— लाला