निळ्या थर्मासमधला बर्फ

वर्धा,
मंगळवार, ८ जुलै २०२५

प्रिय नलू,

तुला आणि लेकरांना आशीर्वाद, रूपराव भाऊजींना नमस्कार.

तू फोन कापतेस, म्हणून हे पत्र गावच्या आशा सेविका कौशल्याबाईंच्या हाती देते आहे. मी बरी आहे. खोलीचं छत गळत होतं, त्याला घरमालकानं एकदाचं डांबर लावून दिलं. मयुरीनं परवा मागून भाकर खाल्ली, असं कौशल्याबाईंनी सांगितलं. झटके येऊन तीन दिवस बेशुद्ध पडलेली पोर उठून जेवते, याहून आणखी काय पाहिजे?

पण नलू, गुरुवारी तिचं रक्त दुसऱ्यांदा घ्यायचं आहे आणि तुम्ही नाही म्हणता.

दवाखान्यातून घरी नेताना भाऊजी गेटवर ओरडले, "माह्या भावाचं रगत सडवलं यायनं! आता पोरीचं काऊन देऊ?" तूही म्हणालीस, "बाई, तुमाले त्यायचीच बाजू घ्या लागते. त्यायचा पगार खाता न." मी गप्प राहिले. का राहिले, ते लिहायलाच बसले आहे. आधी रक्ताचं सांगते.

तीन वर्षं मी या विषाणू तपासायच्या लॅबमध्ये बाटल्या धुते. सुट्टीत मिळेल ते वाचते आणि अडलं की लॅबच्या गेडाम मॅडमना विचारते. विषाणू एकटा वाढत नाही. धान्यातला किडा स्वतः खातो, तसा हा खात नाही, पीत नाही. त्याला दुसऱ्याची जिवंत पेशी लागते. इथे बाटलीच्या तळाशी गुलाबी पाण्यात पेशींचा पातळ थर वाढवतात आणि त्यावर नमुना टाकतात. विषाणू जिवंत असेल, तर काही दिवसांत तो थर सुटायला लागतो. मॅडमनी एकदा मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. सारवलेल्या अंगणाला पोपडे यावेत, तसं दिसत होतं. नंतर त्या बाटल्या मोठ्या कुकरात वाफवतात आणि मग माझ्याकडे येतात.

मयुरीला तुम्ही तापाच्या पाचव्या दिवशी आणलं. तोवर विषाणू रक्तातून निघून गेला होता, म्हणून पहिल्या नमुन्यात काही सापडलं नाही. पण तिचं शरीर त्याच्याशी लढलं, त्याची खूण रक्तात उरते. चौदा दिवसांनी ती खूण वाढलेली दिसली, की कोणत्या विषाणूनं धरलं होतं ते कळतं. एक डासानं येतो, दुसरा भिंतीच्या भेगांतल्या बारीक माशीनं. नाव कळलं तर कुठे फवारायचं ते कळेल. मयुरी उठली, नलू, पण पियुष अजून त्याच भिंतीला लागून झोपतो.

आता मी गप्प का राहिले, ते.

ह्यांना जामहून वर्ध्याला नेलं, तो सहा वर्षांपूर्वीचा जूनचा पहिला आठवडा होता. तू पोरींना घेऊन घरी होतीस, भाऊजी मोटरसायकलनं मागून येत होते. तिथल्या डॉक्टरनं नमुन्याची नळी बर्फ भरलेल्या निळ्या थर्मासमध्ये ठेवून माझ्या मांडीवर दिली. "झाकण उघडायचं नाही," एवढंच म्हणाला. गाडीत पंखासुद्धा नव्हता. हे तापानं भाजत होते, तरी हसून म्हणाले, "माह्या कपाळावर पापड भाजून घे." मग जीभ ओठावरून फिरवत म्हणाले, "त्यात बर्फ आहे न? एक खडा दे न वं."

मी दिला. मग दुसरा दिला. उरलेला पदरात बांधून कपाळावर धरला. बर्फ घेताना बाहेर काढलेली नळी बाहेरच राहिली होती. सेवाग्रामची पाटी दिसली, तेव्हा मी ती परत आत टाकली आणि झाकण लावलं. आत नुसतं कोमट पाणी होतं.

नमुना गरम आला, तपासता येणार नाही, असं याच लॅबनं लिहून दिलं. भाऊजींनी लिहून देणाऱ्या माणसाची कॉलर धरली. मी बाजूलाच उभी होते. तो बिचारा माझ्याकडे बघत होता. मी खाली बघितलं.

तो बर्फ दिल्याचा मला पस्तावा नाही. शेवटचं म्हणून त्यांनी तेच मागितलं. गप्प राहिल्याचा आहे. ह्यांच्या आजाराला नाव लागलं नाही, गावात कोणी फवारायला आलं नाही. तेरवीच्या तयारीत आपण सगळ्या त्याच खोलीत खाली झोपलो. अकराव्या दिवशी तुझी काजल तापली आणि बाराव्याला तू तिला मांडीवर घेऊन बसली होतीस.

नळी थंड पोचली असती, तर काजल वाचली असती का? मला माहीत नाही. मॅडमना विचारायची हिंमत होत नाही. विचारलं, तर त्या खरं सांगतील.

हे पत्र भाऊजींना वाचून दाखव. अर्धं नको, सगळं. त्यांना राग धरायचा असेल, तर माझा धरू दे. लॅबचा नको. मला त्या घरात परत पाय ठेवू दिला नाही, तरी चालेल.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता कौशल्याबाई नर्सला घेऊन येतील. मॅडमना विचारून मी दोन थर्मास भरून पाठवते आहे. निळा नमुन्याचा. तो उघडायचा नाही, कोणी कितीही मागितलं तरी. लाल थर्मासमध्ये नुसता खायचा बर्फ आहे. पियुष मागेल, त्याला त्यातला दे. मयुरीलाही दे.

गुरुवारी दुपारी मी लॅबच्या दारात उभी राहीन. निळा थर्मास आला, तर तो माझ्या हाती देऊ नका. आत नेऊन मॅडमच्या हाती द्या.

काजलची मोठी आई