काउंटरच्या पलीकडचं मैदान

१ नोव्हेंबर १९९६, शुक्रवार

"सुट्टीच्या दिवशी तू मजा म्हणून काय करतेस?"

क्लबाच्या अमेरिकन सभासद लोइसने आज माझ्या काउंटरवर येऊन विचारलं आणि मला खरं उत्तर देता आलं नाही. आत्ता घरी येऊन, जेवून, दार लावून बसले आहे, तरी देता येत नाही. बी.ए. झालेली मुलगी! तिसऱ्या वर्षाला 'खेळांचे महत्त्व' या निबंधाला वर्गात सर्वांत जास्त गुण होते माझे. बॅट मात्र हातात धरली नव्हती कधी.

मी म्हणाले, "वाचन." लोइस हसली. "ते सगळेच अर्जात लिहितात. खरं सांग."

खरं काय सांगू? शुक्रवार हा सगळ्या बहरीनचा सुट्टीचा दिवस, म्हणजे या परदेशी लोकांच्या क्लबात गर्दीचा, म्हणजे माझ्या कामाचा. माझी सुट्टी रविवारी. रविवारी कपडे, केस, धाकट्या बहिणीचा, इक्राचा अभ्यास, अम्मीबरोबर मसाला. यातलं मजा म्हणून काय?

३ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. मजा म्हणून काय करते ते दिवसभर स्वतःवर लक्ष ठेवून पाहिलं. दुपारी झोपले. झोप धरायची का?

अम्मीला विचारलं. म्हणाली, "मजा? तुझे अब्बा शुक्रवारी घरात असतात, मजा त्यांची. मला तर त्या दिवशी जास्तच रांधायचं असतं."

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज इंग्रज लोकांनी क्लबाच्या मागच्या अंगणात एक पुतळा जाळला! चारशे वर्षांपूर्वी कोणा माणसाने त्यांची पार्लमेंट उडवायचा घाट घातला होता म्हणे, तो पकडला गेला, म्हणून अजून दर वर्षी त्याला जाळतात. लहान पोरं भाजलेले बटाटे खात टाळ्या पिटत होती. मला गावची होळी आठवली. फक्त बोंबा नव्हत्या. या लोकांना बोंबा मारायला कोणीतरी शिकवायला हवं.

दोन महिने झाले या नोकरीला, तरी नवल संपत नाही. डार्ट्स म्हणजे भिंतीवरच्या गोल फळीवर बाण मारायचे – त्याचीसुद्धा इथे कमिटी आहे! ती मीटिंग घेते! डिसेंबरात नाटक आहे, त्यात बँकेचे मोठे साहेब लुगड्यासारखा घोळदार झगा घालून म्हातारी होणार. तालमीत सगळे पोट धरून हसतात. आमच्याकडे कोकणात नमनाच्या खेळात पुरुष मावशी होतो अगदी तशी! नमनातली मावशी बघायला शहरातले शिकलेले लोक नाक मुरडतात. आणि इथे साहेब स्वतः मावशी होतो, दुसऱ्या दिवशी टाय लावून बँकेत जातो, आणि कोणी त्याला कमी लेखत नाही.

या लोकांचं सगळंच मला पटतं असं नाही. पण खेळणं ही मोठ्या माणसांनीही करायची गोष्ट आहे, हे त्यांना कळलं आहे. आपल्याला का कळलं नाही? की कळलं होतं आणि आपण विसरलो?

८ नोव्हेंबर, शुक्रवार

काय झालं आज!

अमेरिकन बायकांचा सॉफ्टबॉलचा सराव चालू होता. चेंडू कुंपणावरून उडून ऑफिसच्या व्हरांड्यात आला. महादेव, म्हणजे आमचा मैदानावरचा माणूस, पाइप घेऊन पाणी मारत होता, त्याचे हात गुंतलेले. मी बाहेर गेले, चेंडू उचलला आणि टाकला. एवढंच. पण तो सरळ गेला – कुंपणावरून, दोघींच्या डोक्यावरून, थेट लोइसच्या हातमोज्यात. फट्!

सगळ्या थांबल्या. लोइस ओरडली, "पुन्हा टाक!" पुन्हा टाकला. पुन्हा फट्!

त्यांची एक खेळाडू नवऱ्याच्या बदलीमुळे परत गेली आहे. नऊ हव्यात, आठ आहेत. एकोणतीस तारखेला अमेरिकन बायका विरुद्ध इंग्रज बायका अशी दर वर्षीची मॅच असते. लोइस म्हणाली, "नववी तू."

मी!! गावात लगोरी खेळताना रचलेल्या ठिकऱ्या फोडायला मलाच बोलवायचे. दहावीनंतर ते बंद झालं. कोणी बंद केलं नाही, आपोआपच झालं. पण हात विसरला नाही!

९ नोव्हेंबर, शनिवार

अब्बांना सांगितलं. तुबलीतल्या गॅरेजमधून आले होते, नखांत गाड्यांचा रंग तसाच. घास थांबवून म्हणाले, "मडमांच्यात?" मग, "डोकं झाकून खेळशील ना?" मी म्हटलं, हो. "मग खेळ. पण ऑफिसात विचारलंस का?"

नाही विचारलं. उद्या रविवार. सोमवारी विचारेन.

इक्रा म्हणाली, "आपा, दॅट इज सो कूल!" मराठीत बोल म्हटलं तर, "कूलला मराठीत काय म्हणतात?" मलाही सुचलं नाही. 'भारी' म्हणाले.

११ नोव्हेंबर, सोमवार

गुरुप्रसाद सरांना विचारलं. सर पुण्याचे, ऑफिसचे सुपरिंटेंडेंट, कित्येक वर्षं इथे आहेत. मला त्यांच्याच शब्दावर घेतलं. चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "सरावाला जा. चेंडू आणायला माणूस लागतोच. मॅचचं पुढे बघू."

म्हणजे हो! की नाही?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मेले मी आज.

संध्याकाळी इंग्रज बायकांबरोबर सरावाची मॅच. ओढणी कमरेला आवळली, डोक्यावर रुमाल घट्ट बांधला, वर लोइसने दिलेली टोपी. पाय जमिनीवर ठरत नव्हते.

इंग्रजांची कॅप्टन मार्जरी. वय पन्नाशीच्या पुढचं, उंच, रोज सकाळी पोहायला येते, मला नावाने हाक मारते. तिने चेंडू मारला आणि पळाली. चेंडू माझ्याकडे आला. मी उचलला. समोर मार्जरी पळतेय, पाठ माझ्याकडे. आणि माझ्या हाताने दुसरा कुठलाच विचार केला नाही – लगोरीत पळणाऱ्याला चेंडू मारूनच बाद करायचं असतं ना! – मी नेम धरला आणि हाणला. बरोबर कमरेच्या वर. धप्प!

आणि मी काय केलं? दोन्ही हात वर करून ओरडले – "आउट!"

मैदानात फक्त कुंपणापलीकडून एसीची घरघर. मार्जरी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली. लोइस पळत आली, "आतिका! बेसवर! चेंडू बेसवर टाकायचा असतो, माणसावर नाही!"

बेस म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या चौकोनी गाद्या, पळणारीने गाठायच्या. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. काय बोलले आठवत नाही, 'सॉरी' शंभर वेळा तरी म्हणाले असेन.

घरी सांगितलं तर अब्बा हसून हसून लाल झाले. गाड्यांचे पोचे काढतात म्हणून नझीर डेंटर म्हणतात त्यांना सगळ्या तुबलीत, तेच ते! म्हणाले, "बाईला डेंट पडला असेल तर गॅरेजला पाठव, ठोकून देतो सरळ." अम्मी म्हणाली, "हसताय काय? लहानपनी लगोरीपायी मार खाल्लान, आता नोकरी घालवील ही!"

इक्रा झोपेपर्यंत मधूनमधून "आउट!" म्हणून ओरडत होती.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मार्जरी काउंटरवर आली! तिने बिस्किटांचा डबा पुढे ठेवला आणि म्हणाली, "तुमच्या खेळात मी मेले असते का?"

मी म्हटलं, "बाद. मेल्या नसतात."

"मग तो खेळ मला शिकव. आमच्या खेळात कोणावर असा राग काढता येत नाही."

मी कागदावर ठिकऱ्या काढून दाखवल्या. पळायचं कसं, रचायचं कसं, आणि सगळ्या रचून झाल्या की "लगोरी!" ओरडायचं कसं. तिने दोनदा म्हणून पाहिलं. 'लगोरी'तला 'री' तिला फार आवडला. जाताना म्हणते, "खरं तर तू आमच्या टीममध्ये यायला हवीस. तू तरी कुठे अमेरिकेत जन्मलीस?" मागून लोइस ओरडली, "तिला हात लावायचा नाही! ती आमची आहे!"

दोन देश माझ्यासाठी भांडले आज. रत्नागिरीत कोणाला सांगितलं तर खरं वाटेल?

२० नोव्हेंबर, बुधवार

गुरुप्रसाद सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं.

कोणीतरी सेक्रेटरीकडे तक्रार केली आहे. मार्जरीने नाही – ती तर पाठीत बसलेल्या चेंडूबद्दल सांगत सगळीकडे हसत फिरते. दुसऱ्या कोणीतरी. 'आज स्टाफ मैदानात, उद्या स्विमिंग पूलमध्ये.' क्लबाचा नियम असा: सभासद कोणालाही पाहुणा म्हणून खेळायला आणू शकतो. शेजारीण आणा, आत्या आणा. फक्त स्टाफ नको.

"आतिका, तुमचं कन्फर्मेशन, नोकरीत कायम करायचं, तीस तारखेला आहे," सर म्हणाले. "शिफारस मी करायची आहे. तुम्ही एकोणतीसला उतरलात तर मला तसं लिहावं लागेल. आणि नाही लिहिलं तर मला विचारतील, का नाही लिहिलं."

मी विचारलं, "सर, तुम्ही कधीच खेळला नाहीत इथे?"

"मी स्कोअर लिहितो."

"पण पुण्यात?"

सरांनी पुन्हा चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पुण्यात क्लबाकडून विकेटकीपर होतो. हे बघा – हातात पेन्सिल आहे तोवर सगळे मला नावाने ओळखतात. बॅट घेतली की विचारतील, हा कोण. मला ते ऐकायचं नाही. बस, एवढंच."

चिडायला हवं होतं मला. सरांवर चिडता आलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

घरी सांगितलं. गॅरेजमध्ये अब्बांनी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, पोरगी ऑफिसात आहे, एसीत बसते, फाड फाड इंग्रजी बोलते. आमच्या घरात याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. इक्राची शाळेची बस माझ्या पगारातून जाते.

अम्मी म्हणाली, "खेळू नको असं मी म्हनत नाय. पन एका दिवसाचा खेळ तो. नोकरी रोजची."

बरोबर आहे तिचं. तरी डोळ्यात पाणी आलं. लोइसला सांगायला हवं – नाही जमत.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

लोइसला नाही सांगितलं. सरावाला गेले! सरांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

आज इंग्रजांचा राउंडर्स शिकले. सॉफ्टबॉलचीच बहीण, पण बॅट छोटी, एका हाताने धरायची – दांडूच! मॅचचा अर्धा डाव अमेरिकन नियमांनी, अर्धा इंग्रज नियमांनी. नाहीतर दोघींची भांडणं मिटत नाहीत. दांडू हातात आला आणि मी चेंडू कुंपणापार घालवला. मार्जरी म्हणाली, "अरे देवा." लोइसने मला उचलूनच घेतलं!

मनात येतं, पायाखाली माती असावी, दमून धाप लागावी, कोणी जिंकावं, कोणी हरावं – यात गैर काय आहे? कोणाचं काय जातं? हा प्रश्न कोणालाच का पडत नाही?

२७ नोव्हेंबर, बुधवार

इक्राच्या शाळेत गेले होते. मुलगे फुटबॉल खेळत होते. मुली पायऱ्यांवर सावलीत बसलेल्या. इक्रा म्हणाली, "वी जस्ट सिट, आपा." मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "मुलींना खेळवायला कोणी नाही हो. आणि मुलींनाही आवड कुठे असते?"

आवड नसते! कशावरून?

पायरीवरची एकेक मुलगी बघत घरी आले. झोप नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज अमेरिकन लोकांचा थँक्सगिव्हिंग. सुगीचा सण. आमच्या गावात शेजारी नवं, म्हणजे भाताच्या नव्या लोंब्या, दाराला बांधतात तसाच. लोइसने भोपळ्याची गोड वडी दिली, वाटलं आता घारग्याची चव येणार, पण दालचिनीच दालचिनी.

बाकी काही लिहीत नाही. बूट धुवून गच्चीवर ठेवलेत.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

खेळले!!!

घाईत लिहितेय, अक्षर बघ कसं आलंय. जुम्याच्या नमाजाहून अब्बा परस्पर मैदानावर आले – अम्मी आणि इक्राला घेऊन! तिघं कुंपणाला टेकून उभी. सर स्कोअरच्या टेबलावर, पेन्सिल कानाला.

पहिल्या डावात मी तिसऱ्या बेसवर. एकदा मार्जरी माझ्या समोरून पळाली, तीच पाठ, तीच कंबर. हात वर गेला. सगळ्यांनी श्वास रोखला – महादेव तर "अगं!" म्हणाला मोठ्याने. मी बेसवर टाकला. आउट! मार्जरीने पळता पळता मला हात जोडले!

दुसऱ्या डावात दांडू घेतला आणि पहिलाच चेंडू पामच्या झाडांपलीकडे. पळत सुटले. डोक्यावरची टोपी उडाली, रुमाल राहिला. कुंपणावरून अम्मीचा आवाज आला – माझ्या अम्मीचा! – "पळ गो! पळ पळ पळ!" मी शेवटच्या खुंटापर्यंत पोचले आणि मला कळेना की मी हसतेय की रडतेय.

शेवटी हरलो. एका रनने. लोइसने टोपी जमिनीवर आपटली. मग दोन्ही टीम रांग करून एकमेकींच्या तळहातावर टाळ्या देत गेल्या. मार्जरी माझ्यापाशी थांबली, कानात म्हणाली, "लगोरी!"

सरांनी वहीत माझं नाव पूर्ण लिहिलं होतं. आतिका नझीर. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, बाकीच्या आठ जणींसारखंच. वर बघितलं नाही त्यांनी.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी अब्बांनी विचारलं, "आज ड्यूटी नाय?"

तेव्हा सांगितलं. परवा, गुरुवारी दुपारी, मी नोकरी सोडली, काउंटरची किल्ली सरांच्या हातात दिली. म्हटलं, "सर, आता तुम्हाला माझ्याविरुद्ध काही लिहायला नको." त्या रात्री इथे लिहिलं नाही, लिहिलं असतं तर शुक्रवारी सकाळी जाऊन परत मागितली असती. काल मी लोइसची पाहुणी म्हणून खेळले. आणि आज सात वाजता इक्राच्या शाळेत जाऊन हेडमिस्ट्रेसना सांगून आले – मुलींना खेळवायला कोणी नाही ना, मी आहे. पगार पुढच्या टर्मला बघू म्हणाल्या. मी हो म्हणाले. दुसऱ्या तासाला पायरीवरच्या सगळ्या मुली मैदानात होत्या.