दांड्यावरची सीट

मु. पो. मुळशी
मंगळवार, ता. १८ नोव्हेंबर २०२५

चि. अपेक्षा हिस बापाचा आशीर्वाद.

चार वर्षांनी लिहितोय. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे. हितं सगळी बरी हायेत. भात झोडून झालं. आईचा गुडघा थंडीनं धरतो, पण ती ऐकती व्हय कुणाचं! तुझ्या फोनात माझा नंबर बंद हाय, म्हणून पत्र भैरूकडं देतोय. त्याचा दुधाचा टेम्पो रोज तुमच्या मारुंजीला येतो. वाचल्याबिगर फाडू नको, एवढं ऐक.

आधी कामाचं. परवा रविवारी पियूषरावांनी तुला जी जुन्या धाटणीची सायकल दिली, तिच्यावर बसू नको. कुणालाच बसू देऊ नको. कोपऱ्यात लावून ठेव.

ती मीच केलीय. त्यांनी तुला सांगितलं नसंल. दिवाळीआधी माझ्या सायकलीच्या दुकानात आले आन् म्हणाले, "काका, जुन्या फ्रेमी जोडून एक सायकल कराल का? बायकोला द्यायचीय." आईच्या फोनातल्या फोटोवरनं मी वळखलं. पण त्यांनीबी दाखवलं न्हाई आन् मीबी. दोघं ठार वेडे! ज्या माणसाचं तोंड बघायचं न्हाई म्हणून मी जातीवरनं नाही नाही ते बोललो होतो, तो माझ्यापुढं स्टुलावर बसून चहा प्यायला आन् कप सोता विसळून ठेवला. लई लाज वाटली मला.

मग काम केलं ते जीव लावून. पिरंगुटच्या भंगारातनं दोन फ्रेमी आणल्या. एकीचा मागचा भाग घेतला, एकीचा पुढचा. दांडीचे ब्रेक, कातड्याची सीट, सगळं हुडकून. सांधे पितळ वितळवून जोडले. काळ्या रंगावर सोनेरी रेघ हातानं ओढली. आवडली का तुला?

दांडा मातूर भंगारातला न्हाई. तो तुझ्या शाळेच्या सायकलीचा हाय. लेडीज नको, दांड्याचीच पायजे म्हणून तू दोन दिस जेवली नव्हतीस, ती. ती विकली असं मी सगळ्यांला सांगितलं. खोटं होतं. दुकानामागं ताडपत्रीखाली पडली होती. बाकी सगळी वाकडी झालती, दांडा तेवढा सरळ होता. त्याला मधोमध एक पोचा होता. मी त्यात लांबी, म्हंजी रंगाआधीची पुट्टी भरली, घासली, गुळगुळीत केलं.

रंग द्यायच्या आधी पान्यानं वाजवून बघितला. चांगला पाइप खणकन वाजतो, आतनं चीर गेलेला बद्द वाजतो. पोच्यापाशी बद्द वाजला. दुसऱ्या कुणाची सायकल असती तर तितंच कापून फेकला असता. पण मला तुझाच दांडा घालायचा होता. म्हणलं, लांबीमुळं वाजत असंल. तीस वर्षं हेच काम करतोय आन् सोताला असं फसवलं.

पोचा कसा पडला ते लिहायचं मघापासनं टाळतोय. तू लगीन करून गेलीस त्या दिशी मी ती सायकल अंगणात आडवी पाडली आन् तिच्यावर घण घातला. किती येळा, ते आठवत न्हाई. आई माहेरी गेलती. तिला अजून म्हायती न्हाई.

शनिवारी पियूषराव सायकल न्यायला आले. पिशवीतनं लहानगी सीट काढली. "काका, एवढी दांड्यावर बसवून द्या. मुलगी दोन वर्षांची झाली. पुढच्या रविवारी मायलेकी कासारसाईच्या धरणावर जायचं म्हणतायत."

मला कुणी सांगितलं नव्हतं गं. आई तुझ्याशी चोरून बोलती ते ठावं हाय, पण हे तीबी बोलली न्हाई. तक्रार न्हाई माझी. कुठल्या तोंडानं करू? डोळ्याला पाणी आलं म्हणून खाली वाकून नट आवळत बसलो. सीट बरोबर पोच्यावर बसली, अपेक्षा. हाताला कळत होतं. तरी थांबा म्हणलो न्हाई. म्हणलो असतो तर का ते सांगावं लागलं असतं. आन् निघताना पहिल्यांदाच तो माणूस मला "येतो, बाबा" म्हणाला.

काल त्यांना फोन केला. "मस्त चालतीय," म्हणाले. मी काय ते न सांगता फोन ठेवला. रस्त्यावर कुणी ब्रेक दाबला तरी उठून दारात जातो.

भैरू निघाला की आईलाबी सगळं सांगणार हाय, घणासकट. पत्र हुकलं तर ती फोन करंल. मग ती मला काय बोलंल ते बोलू दे.

सायकल भैरूच्या टेम्पोत घालून परत पाठव. दांडा बदलून देतो, असं म्हणत न्हाई. माझ्या हातचं पुन्हा घ्यायचं का, ते तुझं तू ठरव. माफ करावं वाटलं न्हाई तर नको करू, नंबर बंदच ठेव. पण भैरूपाशी एवढा निरोप दे की पोरगी त्या सीटवर बसली न्हाई. आन् जमलं तर तिचं नाव काय ते सांग. भैरू दुपारी बाराला परत येतो. तवर मी रस्त्याकडंच बघत बसणार.

तुझा बाप
(तिचा मी कोण, ते तिला सांगायचं का न्हाई, तू बघ)
सोपान