एकच द्राक्ष, चाळीस ओळी

३ डिसेंबर

ती. आत्यास,
ठमीचा साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, तेव्हा वाकले असं समजून घे.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून लिहिते. परवा तळघरात तीन बाटल्या फुटल्या. काल सात. बार उडावा तसा आवाज होतो आणि काचा समोरच्या लाकडी खांबात रुततात. बाबा म्हणतात, काच जुनी होती. काच कोरी करकरीत आहे, आत्या.

तू नर्स व्हायला घर सोडलंस तेव्हा इथे एकच वाइन व्हायची. आता त्याच एका पांढऱ्या द्राक्षाच्या बाबा चार करतात. आंबट असतानाच तोडलेल्याची फेसाळ. पिकलेल्यातली निम्मी स्टीलच्या टाकीत, ती स्वच्छ, हिरव्या सफरचंदासारखी. निम्मी लाकडी पिंपात, ती जाडसर, लोण्याच्या चवीची. आणि वेलीवरच सुकू दिलेल्याची गोड. एका आईची चार लेकरं, चौघांचे चार स्वभाव. त्यातलं फेसाळ कार्टं महाबिलंदर. तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून ती बाटलीत कोंडायची. यीस्ट साखर खातं आणि आतल्या आत वायू साठतो. साखर दुप्पट पडली तर वायूही दुप्पट, आणि मग ती बाटली राहत नाही, बॉम्ब होतो. असे अकराशे बॉम्ब आमच्या स्वयंपाकघराच्या खाली आहेत.

ऑक्टोबरमध्ये साखर दोनदा पडली. बाबांचं विसरणं हल्ली वाढलंय. चष्मा फ्रिजमध्ये सापडतो, गॅस तसाच चालू राहतो. तरी रोज तळघरात जातात, आणि ते वर येईपर्यंत मी दाराशीच उभी असते. तू त्यांना खडसावून लिही. तुझं ते ऐकतात, निदान ऐकल्यासारखं करतात.

लोभ आहेच, त्यात आता थोडी घाई मिसळ.
तुझी ठमी


८ डिसेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा राखून ठेवला आहे.

मी धाकट्याला, म्हणजे तुझ्या बाबांना, लिहिण्याआधी त्याचंच पत्र आलं. लिहितो की चूक माझी, डोकं कामातून गेलंय, चांगला डॉक्टर सुचव. अगं, बासष्ट वर्षांत ह्या माणसाने फुटलेल्या कपाची कबुली दिलेली नाही. दर वेळी मांजर! तो असं मुकाट्याने कबूल करतो म्हटल्यावर मला आधी त्याचीच भीती वाटली. बाटल्यांची नंतर.

आता तुझ्याकडे वळते. साखर दोनदा पडली हे तुला इतकं पक्कं कसं ठाऊक? मोजलीस? तपासलीस? तसं काही लिहिलेलं नाहीस. चाळीस वर्षं वॉर्डात काढली आहेत मी. एखादी पोरगी डोस दोनदा गेल्याचं छातीठोक सांगायला लागली, की मी आधी तिच्याच तोंडाकडे बघायचे. रागावत नाही. पण काही असेल तर ते मला सांगून उपयोग नाही, त्याला सांग, आणि आजच सांग. स्वतःच्याच डोक्याला घाबरलेला माणूस काय करून बसेल, नेम नाही.

तळघर जमेल तितकं गार करा. तोंडाला जाळी बांधल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही.

जीव मुठीत धरून बसलेली,
आत्या


१२ डिसेंबर, तळघराची पायरी

ती. आत्या,
नमस्कार. गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय, अक्षर लावून घे.

दुसरी गोणी मी ओतली. साखर घातली की बाबा पाटीवर रेघ मारतात. त्या सकाळी पाटी कोरी होती. मला सर्दी झालेली, जिभेला चव कळत नव्हती. विचारायला त्यांच्या खोलीपर्यंत गेले, तर ते दाढी करता करता गुणगुणत होते. साखर घातली का, एवढंच विचारायचं होतं. पण आपण पुन्हा विसरलो असं वाटून त्यांचा चेहरा पडेल म्हणून आल्या पावली परतले आणि वीस किलोची गोणी टाकीत रिकामी केली.

बाटल्या फुटायला लागल्यावर काचेचं कारण सोडून ते शेवटी म्हणाले की साखर आपणच दोनदा घातली असणार, रिकाम्या गोण्या दोन दिसल्या होत्या, पण विचारायची हिंमत झाली नाही. तेव्हा मी बोलायला हवं होतं. त्यांना वेडं ठरू दिलं, आत्या. तुला लिहितानाही खोटंच लिहिलं.

आज सकाळी ते जाळीचा मुखवटा आणि चामडी हातमोजे घालून आत गेले. माझा घोळ मीच निस्तरणार म्हणाले आणि आतून कडी लावली. एकेक टोपण उचकटून वायू सोडताहेत. प्रत्येकीचा फस्स असा आवाज येतो. मी मोजतेय. एकसष्ट. बासष्ट.

आत्ता मोठा बार झाला. लागोपाठ चार-पाच. फस्स थांबलंय. हाका मारल्या, ओ देत नाहीत. दार जाड आहे. सगळं ओरडून सांगते आता, ऐकू गेलं तर


२६ डिसेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा डाव्या हाताने नमस्कार. उजव्याला अकरा टाके आहेत, अक्षराला हसू नकोस.

मी जिवंत असल्याचं ठमीने दोन ओळींत कळवलंच आहे. पुढचं मी सांगतो. मी फरशीवर पडलो होतो, कानात नुसती शिट्टी वाजत होती. ती कमी झाली तेव्हा पलीकडून पोरगी किंचाळताना ऐकू आली की दुसरी गोणी तिची. आधी वाटलं, कडी काढावी म्हणून थापा मारतेय. मग पाटी, सर्दी, माझी दाढी, सगळं सांगायला लागली आणि मला हसू फुटलं. फाटक्या हातमोज्यातून रक्ताची धार लागलेली आणि मी हसतोय! किती दिवस रोज अंथरुणावर पडलो की वाटायचं, आपण संपलो. कडी काढली. ती मारायला धावली आणि मग गळ्यात पडून रडली. पुढे तीन दिवस मी खुर्चीत बसून सांगत होतो आणि तिने उरलेल्या बाटल्या उघडल्या. नऊ फुटल्या, तिला ओरखडाही नाही.

इथवर वाचून तुझा जीव भांड्यात पडला असेल. जरा थांब.

साखर मी विसरलो नव्हतो. पण मागच्या आठवड्यात मळ्यात वेलींच्या वरच्या ओळींत उभा राहिलो आणि ही द्राक्षं फेसाळची की पिंपातली, ते मला आठवेना. वेल सगळीकडे तोच, पान तेच, मणी तोच. कुठली ओळ आंबट असताना तोडायची, कुठली सुकेपर्यंत सोडायची, हे फक्त माझ्या डोक्यात आहे, लिहिलेलं कुठेच नाही. पाच मिनिटांनी आठवलं. ती पाच मिनिटं मी वेलीचा खांब घट्ट धरून उभा होतो.

ह्या खेपेला लपवलं नाही. त्याच संध्याकाळी ठमीला सांगितलं. तिने वही आणली. रोज सकाळी ओळीओळीने चालतो, मी सांगतो, ती लिहिते. अकरा ओळी झाल्या. आज बारावी सांगितली, अगदी मन लावून, कुठल्या टोकाला ऊन आधी येतं तेसुद्धा. तिने मान खाली घालून सगळं उतरवून घेतलं. दुपारी सहज वही चाळली. तीच ओळ कालच्या पानावर होती, शब्द न् शब्द. तिने मला थांबवलं नव्हतं.

तोडणीला दोन महिने आहेत आणि चाळीसातल्या ओळी उरल्यात एकोणतीस. बाटल्यांना मी इतका घाबरलो नव्हतो, ताई.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. ह्या वेळी तू इथे असावीस.
तुझा धाकटा